कॅप्टन अमावसची आई

आचरा
४ डिसेंबर १९६०

नमू,

मायना घालत नाही. माझा मायन्याचा हक्क तू दिवाळीत मालवणच्या सिनेमाच्या तंबूबाहेर काढून घेतला होतास. आणि आता पोस्टमनने तुझं निळं पाकीट हातात दिलं तर पहिलीच ओळ, "प्रिय हरी"! पोस्टाच्या पायरीवर उभ्याउभ्या चार वेळा वाचलं. पोस्टमन म्हणाला, "काय रे, कोण गेला काय?" म्हटलं, "नाय, कोण तरी इला."

तू लिहितेस, गावपळणीच्या तिसऱ्या संध्याकाळी शिवेपलीकडच्या ओढ्यावर, व्हाळाकाठी मी जे बोललो ते तू विसरणार नाहीस. बोटीवर चढायच्या आधी तू दाजींना सांगून टाकलंस, लग्न करीन तर हरीशीच. दाजी नाही म्हणाले नाहीत. वैशाखात बघू म्हणाले.

नमू, दाजी! ज्यांनी मला तुमच्या अंगणात पाय ठेवायची बंदी केली ते तुझे बाबा!

मी काय बोललो ते मला आठवतं. सगळं आठवतं. तरी पण एक कर, ते तुझ्या शब्दांत पुन्हा लिहून पाठव. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या अक्षरात वाचायला बरं वाटतं म्हणून सांगतो, दुसरं काही नाही.

दादरच्या तुझ्या मामीला गावपळण समजावून सांगितलीस की नाही? सांगून बघ. रामेश्वराने कौल दिला की ढोल वाजतो आणि अख्खा गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन शिवेबाहेर जातो. तीन दिवस झावळ्यांच्या खोपीत राहायचं. मागे गावात जिवंत काही ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारायचं आणि त्याने हो म्हटलं तरच घरी यायचं. मामी हसेल. मीही कोल्हापूरच्या वसतिगृहात हे सांगितलं तेव्हा पोरं हसली होती. एकाला मी त्याबद्दल मारलंही होतं.

हो, मारलं होतं. आता दात काढू नकोस. दात म्हटल्यावर तुझा भाऊ आठवला. मी दत्तारामवर हात उगारायला नको होता, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. पण तो काय म्हणाला होता ते तरी आठव. कॅप्टन अमावसचा नवा सिनेमा लागलेला, तिसऱ्या नटाचा. पडदा पडायच्या आधीच हा खुर्चीवरून ओरडतो, "पयलो कॅप्टन म्हंजे गुळाचो रवो! खरो हेर ह्यो तिसरो!" पहिल्याला गुळाचा रवा म्हणतो! ज्याच्यासाठी मी चौदा वर्षांचा असताना आचऱ्याहून मालवणला चालत गेलो होतो! माझा डावा हात कधी उठला ते मलाच कळलं नाही. अर्धा दात तुटला फक्त. आणि तू भर गर्दीत पुढे येऊन म्हणालीस, "माका पण तिसरोच आवडलो. आता माका पण मार."

त्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. आणि आता "प्रिय हरी".

कॉलेज सोडून आलो ते दत्तारामने तुझ्या दादरच्या स्थळाचं कळवलं म्हणून, हे दाजींना सांगू नकोस. त्यांना वाटतं मी नापास झालो. वाटू दे. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं, एवढं त्यांना कुठे माहीत आहे!

आये बरी आहे. माझ्याकडे अधूनमधून बघत राहते. काय बघतेस म्हटलं तर म्हणते, काय नाय.

लवकर लिही. व्हाळाकाठचं सगळं लिही, एकही शब्द गाळू नकोस.

तुझा,
हरी


आचरा
१३ डिसेंबर

नमू,

पत्र मिळालं. मागितलं तसं तू सगळं लिहिलंस. तुझं अक्षर किती सरळ आहे, आणि मला ते वाचताना घाम फुटला.

म्हणजे मी असं म्हणालो: "माझा हात रागाचा आहे, म्हणून मी हात बदलला. तुला दादरला जायचं असेल तर जा, मी वाईट मानणार नाही. यायचं असेल तर मी आहेच." मग तू रडलीस. तुझं रडणं संपेपर्यंत नुसता बसून राहिलो. मग व्हाळातल्या पाण्याने तुझी कळशी भरून खोपीपर्यंत आणून दिली.

वाईट मानणार नाही? मी? नमू, तू मला सात वर्षांची असल्यापासून ओळखतेस. तुला दादरला जा म्हणून सांगणारा माणूस मी आहे का?

काल दत्ताराम आला होता. हसत आला! ओटीवर बसला, सुपारी मागितली. म्हणाला, "हरी, तू हात बदललंस तेव्हापासून माणूस झालंस बघ." मी म्हटलं, कसला हात? तर म्हणतो, "खोपीत उजव्या हातान जेवत होतंस मा? आये तुझी किती खूश होती! माझ्या खोपीर झावळां चढवून दिलंस, दाताची चवकशी केलंस, हात जोडलंस. ता सगळा इसारलंस?" आणि माझ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू गेलं. कारण मी त्या वेळी डाव्या हाताने अडकित्ता धरला होता.

सुपारी न घेताच गेला.

आता मी तुला कॅप्टन अमावसबद्दल लिहिणार आहे. वैतागू नकोस. ह्या विषयावर आपलं जितकं भांडण झालं तितकं दुसऱ्या कशावर झालं नाही, आणि आता मला त्यातूनच काहीतरी धरायचं आहे.

पहिला निहालचंद. चोपन्न साल. पोट थोडं सुटलेलं, कोटाचं मधलं बटण कायम ताणलेलं. शत्रूला मारण्याआधी हा स्वतःचं नाव ओरडून सांगायचा. हेराने नाव सांगायचं असतं का? पण त्याला राहवायचंच नाही. चुका करायचा. मित्र मेल्यावर मोठ्याने रडला होता, आणि तंबूतले खलाशीसुद्धा त्याच्याबरोबर रडले होते. त्याच्या हाताला जखम झाली की आपल्या हाताला झोंबायचं.

दुसरा सरोशकुमार. सत्तावन. केस असे की तेलाचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत यावा. दहा माणसांशी मारामारी करून भांग तसाच. खलनायकाच्या मुलीबरोबर दोन गाणी. तो तुलाही आवडला नव्हता आणि मलाही नाही, तेवढ्यापुरतं आपलं जमलं.

आणि हा तिसरा, मदनराज. अख्ख्या सिनेमात वीस वाक्यं बोलला असेल. खोलीत शिरतो तर आधी कळतच नाही की तो आत आला आहे. मान जराशी कलती करून समोरच्याचं ऐकून घेतो. शत्रूचंही. पाण्याचा पेला आणणाऱ्या म्हाताऱ्या नोकराचंही. तू म्हणाली होतीस, "तो ऐकान घेता, म्हणान तो खरो." मी म्हणालो होतो, तो माणूसच वाटत नाही.

पण मला खरा त्रास त्या तिघांचा नव्हताच. आठवतं? सिनेमे तीन, नट तीन, पण आई एकच! तीच हनुवटीवर तीळ असलेली म्हातारी. दर सिनेमात दार वाजतं, ती उघडते, बाहेर नवाच माणूस उभा असतो, आणि ती त्याला पोटाशी धरते. "आ गया मेरा लाल?" एकदाही दचकत नाही. मी तंबूत तुला कोपर मारून विचारायचो, आईला कळायला नको? आणि तू म्हणायचीस, "अरे सिनेमा आसा तो, गप बघ."

नमू, गावपळणीचे तीन दिवस मी खोपीत नव्हतो.

शिवेबाहेर पाऊलच टाकलं नाही. व्हाळ मी पाहिलाही नाही. तुझी कळशी मी भरली नाही.

मग कोणी भरली?

हरी


आचरा
२१ डिसेंबर

नमू,

तुझं उत्तर आलेलं नाही. तरी लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल, आणि गावात फोडायला दुसरं डोकं कोणी देत नाही.

मी गावातच राहिलो. का ते सांगतो, मग पाहिजे तर थुंक माझ्यावर. दादरच्या त्या स्थळाचं पत्र दाजींच्या पेटीत, पंचांगात ठेवलेलं आहे असं दत्तारामच बोलून गेला होता. मला ते वाचायचं होतं. कोण तो, काय करतो, तुझ्याबद्दल काय लिहितो. एरवी तुमच्या घरात शिरणं अशक्य. पण गावपळणीत घरं उघडीच असतात, आणि बघायला कोणी नाही. कॅप्टन अमावसला ह्याहून सोपी कामगिरी कधी मिळाली असेल?

माझ्या बाबांचा जुना काळा कोट घातला. हसू नकोस. आयेला म्हटलं, तू गुरं घेऊन पुढे हो, मी मागून येतो. आणि आमच्या खळ्यातल्या गवताच्या उडवीत शिरून बसलो. ढोल लांब गेला, आणखी लांब गेला, आणि थांबला.

नमू, तू आपला गाव रिकामा कधी ऐकलेला नाहीस. कोणीच ऐकलेला नाही. कावळेसुद्धा गेले होते. समुद्राचा आवाज घरात आल्यासारखा येत होता. मी उडवीतून बाहेर आलो तर माझ्या पावलांचा आवाज मला पुढून येतो आहे असं वाटायचं.

दुपारी तुमच्या घरी गेलो. पेटीला कुलूपही नव्हतं. पत्र मिळालं. मुलगा कचेरीत आहे, मिळकत बरी, आणि पुढे लिहिलंय, "स्वभावाने अत्यंत शांत." ते "अत्यंत शांत" वाचलं आणि मी पत्र फाडलं. तुकडे कोटाच्या खिशात अजून आहेत. हा झाला माझा पहिला गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर आमच्या अंगणात सडा घातलेला.

ओला. शेणाचा वास येणारा. बोटांचे फटकारे जमिनीवर दिसत होते. गावात गाय नाही, ढोर नाही, सडा घालणारी बाई नाही. शेजारी गेलो, तिथेही सडा. तुमच्याकडेही. मी धावत खालच्या वाडीपर्यंत गेलो. प्रत्येक अंगणात सडा होता, तुळशीला पाणी घातलेलं होतं, आणि तुमच्या विहिरीवरचा रहाट थांबायच्या बेतात हळूहळू फिरत होता, जसा कळशी नुकतीच काढल्यावर फिरतो.

पळून शिवेबाहेर का गेलो नाही, असं तू विचारशील. ते मी आत्ता सांगत नाही.

परवा गंगाराम घाडीकडे गेलो. शिवेवर नारळ फोडून घराघराची माणसं मोजणारा तोच. विचारलं, "घाडीनु, आमच्या घराची किती माणसा मोजलास?"

"दोन. तू आणि तुझी आवस."

"मी होतंय?"

"माझ्या डोळ्यांसमोरसून गेलंस. कोट नव्हतो अंगात." मग माझ्याकडे नीट बघून त्याने हातातला विडा खाली ठेवला. "तू आत रवलंस?"

मी मान डोलावली.

"मेल्या! तीन दिस गाव आपलो नसता. तो तेंका दिलेलो असता. ते हयसर आपल्यासारखे रवतत, आमी थयसर तेंच्यासारखे. आत एक आपलो रवलो, तर भायर एक तेंचो येता. जागा मोकळी रवत नाय."

"मग तो परत गेलो काय?"

गंगाराम म्हणाला, "गाव परतलो तेव्हा मी मोजलंय नाय. येताना कोण मोजता?"

हरी


आचरा
२ जानेवारी १९६१

नमू,

तू लिहितेस, अशी थट्टा करायची असेल तर पुन्हा पत्र पाठवू नकोस. आणि त्याच पत्रात खाली बारीक अक्षरात विचारतेस, "सडा खरंच ओला होता?" म्हणजे तुला कळलं आहे की ही थट्टा नाही.

गेल्या पत्रात जे लपवलं ते आता लिहितो. लिहायची लाज वाटते. चोरीची नव्हती वाटली, ह्याची वाटते.

त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी मी घाबरून तुमच्या विहिरीपाशी बसलो होतो. आमच्या घराकडून हाक आली. "हरी, जेवाक ये रे."

आयेचा आवाज. हाकेच्या शेवटी ती जरा वर नेते, अगदी तसा. मला वाटलं ती माझ्यासाठी शिव ओलांडून परत आली. धावलो. चुलीपाशी पाठमोरी बसली होती, हिरवं लुगडं, अंबाडा जरा डावीकडे. पान मांडलेलं होतं. भात, सुकट, सोलकढी. मी बसलो आणि बघतच राहिलो. पान उलटं वाढलेलं होतं गं. मीठ उजवीकडे, सुकट डावीकडे, पाण्याचा तांब्या डाव्या हाताशी. सगळं माझ्या हाताला सोयीचं. वीस वर्षांत आयेने मला असं पान एकदाही वाढलेलं नाही. लहानपणी ती माझा डावा हात पंचाने पाठीशी बांधून जेवायला बसवायची. तुझ्यादेखत.

मी हात लावत नाही असं पाहून ती मागे न वळता म्हणाली, "डाव्या हातान जेव. हयसर तुका कोण काय म्हणणा नाय."

तेव्हा मला कळलं की ही आये नाही.

आणि मी जेवलो.

नमू, मी जेवलो, रडत जेवलो, पुन्हा भात मागितला. त्या संध्याकाळी जेवलो, तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळा जेवलो. तिचं तोंड मी पाहिलं नाही. ती वळलीच नाही कधी आणि मीही पुढे जाऊन बघितलं नाही. पळून का गेलो नाही ते हे. चौथ्या दिवशी परतीचा ढोल वाजू लागला तेव्हा ती चुलीतली लाकडं ओढत म्हणाली, "जा आता. परत ये."

काल मी धीर करून आयेला, माझ्या खऱ्या आयेला, विचारलं. ती विळीवर नारळ कातत होती.

"आये, खोपीत तुझ्यावांगडा मी होतंय?"

तिचा हात थांबला नाही. "नाय."

"तुका म्हायत होता?"

"पयल्याच जेवणाक कळला. तो उजव्या हातान जेवलो. माझो झील उजव्या हातान जेवणा नाय. मी तेका वीस वरसा मारून बघलंय."

"मग बोललं नाय कित्याक? आरडलं नाय कित्याक? गंगारामाक सांगूचा मा!"

तेव्हा तिने कातणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही, नारळाकडे बघत राहिली. म्हणाली, "मी तेका पान वाढलंय. तो घास घेऊच्या आदी माका इचारी, आये, तू जेवलंस? तीनय दिस इचारल्यान. तू कधी इचारलंस रे?"

मी ओरडणार होतो. तांब्या उचललाही होता. पण फेकायला जागा दिसेना.

"बरो होतो रे तो," आये म्हणाली, आणि पुन्हा कातायला लागली.

नमू, आता मला वाटतं सिनेमातल्या त्या म्हातारीलाही कळत असणार. दार उघडल्या क्षणी कळत असणार. तीन वेळा नवा माणूस दारात, आणि तिन्ही वेळा ती हात पसरते. आपण तंबूत बसून तिला मूर्ख म्हणायचो.

तर आता तूच सांग. वैशाखात तू कोणाशी लग्न करणार? मी चोर आहे, तुझ्या भावाचा दात तोडला, तुझ्या स्थळाचं पत्र फाडलं, आणि परक्या चुलीवर जेवलो. पण सहावीत तुझ्या वहीत कैरी ठेवणारा मी होतो. तुझ्यासाठी कॉलेज सोडणारा मी आहे. व्हाळाकाठचे ते चार शब्द मी बोललो नाही, बोलू शकलो नसतो. पण मी तुला ते आत्ता खोटे बोलून दाखवू शकलो असतो. बघ, तेवढं मी केलेलं नाही.

मला उत्तर हवं. रागाचं चालेल.

हरी


आचरा
१४ जानेवारी

नमू,

संक्रांतीचा हलवा पोचला. पाकिटात चुरा झाला होता, चुरा खाल्ला. आणि त्यात तुझी एकच ओळ.

"व्हाळाकाठी जो माझ्याशी बोलला, त्याला पाठव."

दिवसभर मी गावभर फिरलो. तुझ्यावर इतका चिडलो की मुंबईच्या दिशेने एक दगडही फेकला. तो दाजींच्या केळीत पडला. दाजी बाहेर आले, मला बघून म्हणाले, "हरी, ये रे, च्या घे." मला! इतक्या मायेने! मी पळालो. ते मला बोलावत नव्हते, त्याला बोलावत होते. आये माझ्याकडे बघते तेव्हाही माझ्या खांद्यावरून मागे बघते. सगळा गाव दाराशी उभा राहून दुसऱ्याच माणसाची वाट बघतो आहे आणि मी मध्ये येतो आहे, असं झालंय.

पहिल्या कॅप्टनचं पुढे काय झालं, हे आपण कधी विचारलं होतं का गं? दुसरा आला, तिसरा आला. पहिला निहालचंद कुठे गेला? घरी बसून जेवत असेल? त्याला कोणी वाढत असेल?

ठरवलं आहे. शिवेवर आपल्या खोपींचे सांगाडे अजून उभे आहेत. झावळ्या वाळून खडखडतात, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. आमच्या खोपीत मी उद्या दुपारी जाऊन बसणार आहे. तो गेलेला नसेल तर तिथेच असेल. त्याला बघायचं आहे. डाव्या हाताने एकच लगावणार, निहालचंदसारखं नाव ओरडून. आणि मग विचारणार, तू काय केलंस ते मलाही शिकव.

दोघांतला जो परत येईल, त्याला बोटीवर चढवायला आयेला सांगून ठेवलं आहे. ती हो म्हणाली. कोणाला ते तिने विचारलं नाही.

एक शेवटचं खरं सांगतो. आज पुन्हा ती हाक ऐकली. भर दुपारी, गाव माणसांनी भरलेला असताना, शिवेच्या बाजूने. "हरी, जेवाक ये रे." आयेही ऐकत होती. माझं पान तिने उजव्या हाताच्या सोयीने वाढलं होतं.

मला भूक लागली आहे, नमू.

तुझा, आणि तुझाच,
हरी


आचरा
१९ जानेवारी १९६१

नर्मदा,

अक्षर वेगळं वाटेल. उजव्या हाताने लिहितो आहे, अजून वळण बसायचं आहे.

तुझी ओळ मिळाली. येत्या बोटीने निघतो. मुंबईत उतरल्यावर थेट तुझ्याकडे येणार नाही. आधी मामांना भेटेन, ते म्हणतील तेव्हा येईन. मन बदललं असलं तर तसं सांग, मी पुढच्या बोटीने परत फिरेन.

काळ्या कोटाच्या खिशात दादरच्या मुलाच्या पत्राचे तुकडे सापडले. ते खळीने जोडून दाजींना दिले आणि त्या मुलाला क्षमेचं पत्र लिहिलं. दत्तारामचा दात आता दुखत नाही. तंबूतला तो सिनेमा पुन्हा आला आहे, म्हणून काल त्याच्याबरोबर जाऊन आलो. मला पहिला नट सर्वांत जास्त आवडायचा, असं दत्ताराम म्हणत होता. मी बाकीचे दोघे पाहिलेले नाहीत. त्याचं ऐकून घेतलं.

आये बरी आहे. मी शिवेवरून आलो तेव्हा ती दारातच उभी होती. तिने मला पोटाशी धरलं. नंतर माझ्या उजव्या गालावरचा वळ बघून तिथे हळद लावली, आणि तेवढा वेळ तिचे डोळे वाहत होते. तो वळ तिने दोन दिवस उतरू दिला नाही, पुनःपुन्हा हात लावून बघत होती.

हरीची काळजी करू नकोस. त्याचं पान तिथे दोन्ही वेळा मांडतात, त्याच्या हाताला सोयीचं. तो अजून रागावतो, पण जेवतो.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. पत्र पोचेल तेव्हा दुपार असेल. तू जेवलीस?